शोकाकुल घराची सोबत : अंत्यविधी, कागदपत्रे आणि नंतरचे दिवस

घरात मृत्यू झाला म्हणजे धर्मगुरूंना पहिला प्रश्न सामान्यतः वेळेचा विचारला जातो. अंत्यविधी किती वाजता, मिस्सा कोठे, कबर कोण खोदणार. वऱ्हाडातील आमच्या सेवाकाळात मात्र आम्ही आणखी एक प्रश्न वारंवार ऐकला आहे. तो दबक्या आवाजात विचारला जातो, बहुधा मृताच्या भावाकडून किंवा मेहुण्याकडून : "फादर, विधी तर होईल ना?" त्यामागे काय दडले आहे हे विचारावे लागत नाही. घरातील माणसाने स्वतःच आपले जीवन संपविलेले असते, आणि अशा माणसाला ख्रिस्तसभा आपल्या दफनभूमीत जागा देत नाही, असे कुणीतरी कधीतरी त्यांना सांगितलेले असते. म्हणून काही घरांतून "हृदयविकाराने गेले" असा निरोप येतो व खरे कारण आम्हांस दोन महिन्यांनी कळते.

या प्रश्नाचे उत्तर आरंभीच देऊन ठेवतो. विधी होतो, पूर्ण होतो, चर्चमध्ये होतो आणि इतर कोणत्याही श्रद्धावंताप्रमाणेच होतो. कारणे पुढे सविस्तर देत आहोत. शोकाकुल कुटुंबाला अंत्यविधीत, कागदपत्रांत आणि त्यानंतरच्या लांबलेल्या दिवसांत धर्मग्रामाने कशी सोबत करावी याची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लिहिताना आम्ही चांदूर बाजार तालुका डोळ्यांसमोर ठेवला आहे. ८ मे १९५५ रोजी स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम असे पाच जिल्हे येतात. एवढ्या विस्तारात कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. उत्तरेला मेळघाटचे डोंगर, मध्ये पूर्णेचे पाणी, संत्र्याच्या बागा, कपाशी आणि सोयाबीन अशा या तालुक्यात एखाद्या खेड्यातील ख्रिस्ती घराचे शेजारी हिंदू, बौद्ध वा मुस्लिम असतात, आणि नातेवाइकांतही अन्य धर्मीय असतात. धर्मगुरू पोहोचण्यास कधी काही तास लागतात. ते तास कसे घालवावेत हे मुंबई-वसईकडील मोठ्या धर्मग्रामांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत सापडत नाही.

पहिले काही तास

आजार गंभीर झाला असेल तर धर्मगुरूंना जिवंतपणीच बोलवावे. रुग्णाभ्यंग हा संस्कार आजारी माणसासाठी आहे, मृतासाठी नाही. पुष्कळ घरी "फादर आले म्हणजे संपले" या भीतीने निरोप पाठविण्यास उशीर केला जातो आणि मग मृतदेहाला अभ्यंग करण्याचा आग्रह होतो. मृत्यू झाला की नाही याविषयी खरोखर शंका असेल तर संस्कार द्यावा, असे धर्मसभेच्या कायद्याचे कलम १००५ सांगते. मृत्यू निश्चित असेल तर केवळ प्रार्थना करावी. मरणासन्न व्यक्तीला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिन भाषेत 'प्रवासाची शिदोरी' या अर्थाचा शब्द आहे. शेतावर भाकरी बांधून नेणाऱ्या आमच्या लोकांना तो समजावून सांगावा लागत नाही.

मृत्यूनंतर धर्मग्रामातील किंवा लघु ख्रिस्ती समूहातील चार माणसांनी कामे वाटून घ्यावीत. एकाने घरच्या स्त्रीजवळ बसावे व अन्य काहीही करू नये. दुसऱ्याने कागद पाहावेत, तिसऱ्याने नातेवाइकांना कळवावे. चौथ्याकडे मुले, पाणी आणि जेवण असावे. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठले-भाकरी नेऊन देण्याची आपल्याकडील रीत सर्व धर्मांच्या लोकांत आहे, आणि ख्रिस्ती समूहाने ती मनापासून पाळावी. घरी जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जाऊन "काही लागले तर सांगा" असे म्हणू नये. शोकात असलेल्या माणसाला काय लागते ते सांगता येत नसते.

कागद पाहण्याचे काम काही मंडळींना दुय्यम वाटते. शुभवर्तमानात पाहिले असता प्रभूच्या दफनापूर्वी अरिमथाईकर योसेफ पिलाताकडे जाऊन देह ताब्यात मागतो, पिलात मृत्यूची खातरजमा करून घेतो, आणि मगच देह दिला जातो. परवानगी मागणे, शहानिशा, ताबा ही सरकारदरबारची कामे त्या शुक्रवारीही कुणाला तरी करावी लागली होती, आणि ज्याने ती केली त्याचे नाव चारही शुभवर्तमानकारांनी जपून ठेवले आहे.

नैसर्गिक मृत्यू असेल तर प्रकरण सोपे आहे. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे. रुग्णालयात मृत्यू झाल्यास ते नमुना ४ मध्ये, घरी झाल्यास नमुना ४ अ मध्ये मिळते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार २१ दिवसांच्या आत नोंद करावयाची असते. येथे एक चूक नेहमी होते. नोंद मृत्यू जेथे झाला तेथे होते, राहत्या गावी नव्हे. रुग्ण अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात (जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून 'इर्विन'च आहे) दगावला असेल तर दाखला अमरावतीहून मिळेल. मृत्यू चांदूर बाजार गावात झाला तर नगर परिषदेकडे आणि खेड्यात झाला तर ग्रामपंचायतीकडे जावे. २१ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यापुढे वर्षभरापर्यंत लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटल्यावर, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार, जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्यात. बँक, विमा, शाळा, तहसील कार्यालय, प्रत्येक जण मूळ प्रत मागतो. चर्चच्या मृत्यू नोंदवहीतील नोंद वेगळी करावी. ती सरकारी दाखल्याच्या जागी चालत नाही.

आत्महत्येने मृत्यू झालेल्या घरी

पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची शासनदप्तरी स्वतंत्र नोंद २००१ पासून ठेवली जाते. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग २००६ च्या जूनअखेरीस विदर्भात आले, पॅकेज जाहीर झाले, समित्या आल्या, पत्रकार आले. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरच्या पहिल्या रात्रीविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

अनैसर्गिक मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देणे बंधनकारक आहे. आमच्याकडे त्याला 'मर्ग दाखल करणे' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ही कार्यवाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते; पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. पंचनामा होतो, त्यानंतर शवविच्छेदन. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनास मुभा दिली, परंतु आत्महत्या, खून, अत्याचार वा संशयित घातपाताची प्रकरणे त्यातून वगळली; कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच त्यांत अपवाद होतो. याचा अर्थ असा की दुपारी उशिरा मृत्यू उघडकीस आल्यास देह रात्रभर शवागारात राहतो आणि घरचे लोक बाहेर ओट्यावर बसून राहतात.

त्या ओट्यावर धर्मग्रामाचे कुणीतरी असावे, हे आमचे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. अशाच एका पहाटे आम्ही एका रुग्णालयाच्या आवारात पोहोचलो तेव्हा मृताचा बारा वर्षांचा मुलगा एका कर्मचाऱ्याला विचारत होता, "सही कुठं करू?" त्याचे काका गाडी ठरवायला गेले होते, आई घरी होती, आणि त्या मुलाजवळ रात्रभर कुणीही नव्हते. आमच्या ख्रिस्ती समूहातील बारा घरे त्या गावापासून पाऊण तासाच्या अंतरावर होती. आम्हांस निरोप रात्री नऊ वाजताच मिळाला होता, हेही येथे लिहिले पाहिजे. सकाळी जाऊ, असे आम्ही ठरविले होते.

विषबाधेचा संशय असल्यास व्हिसेरा राखून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवितात. अहवाल येण्यास महिने लागू शकतात. अंत्यविधी त्यासाठी अडत नाही. देह ताब्यात मिळताच विधी करता येतो. मात्र अंतिम कारण नमूद नसल्यामुळे पुढील अर्ज रेंगाळतात, म्हणून मर्ग क्रमांक, पंचनाम्याची प्रत व शवविच्छेदन अहवाल एका फाईलमध्ये जपून ठेवण्याचे काम पहिल्या दिवसापासून एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावे. खरे कारण लपविण्याचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नये. पोलिसांपुढे एक, धर्मगुरूंपुढे दुसरे आणि मुलांपुढे तिसरे असे बोलावे लागले की घराला पुढे अनेक वर्षे ते निस्तरत बसावे लागते.

ख्रिस्तसभेची भूमिका अशी आहे. १९१७ च्या धर्मसभा कायद्याचे कलम १२४० जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यांस धार्मिक दफन नाकारीत असे. आमच्या आजोबांच्या पिढीने जे ऐकले ते खोटे नव्हते. १९८३ च्या नव्या कायद्यात, कलम ११८४ मध्ये, ज्यांना अंत्यविधी नाकारता येतो त्यांची यादी आहे. तीत आत्महत्या केलेल्या व्यक्तींचा उल्लेख नाही. १९९२ च्या 'कॅथलिक धर्मशिक्षण' ग्रंथात (परिच्छेद २२८० ते २२८३) आत्महत्या ही जीवनदात्या परमेश्वराविरुद्धची गंभीर कृती असल्याचे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याच ठिकाणी हेही शिकविले आहे की तीव्र मानसिक विकार, असह्य यातना किंवा भय यांमुळे त्या व्यक्तीची जबाबदारी कमी होते, तिच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, आणि ख्रिस्तसभा अशांसाठी प्रार्थना करते. कर्जाचा तगादा, दोनदा केलेली पेरणी, झोपेविना गेलेले आठवडे आणि मनाचा आजार यांपैकी कशाचे किती ओझे त्या मनावर होते हे परमेश्वरच जाणतो. धर्मगुरूला निवाड्याचे काम दिलेले नाही.

प्रवचनात आम्ही तीन बंधने पाळतो. मृत्यूचा प्रकार सांगत नाही. एकच कारण देत नाही, कारण बँकेने, सुनेने वा पावसाने बळी घेतला असे वाक्य व्यासपीठावरून गेले की ते गावात कायमचे राहते, आणि बहुतेक वेळा ते विधवेच्या माथी बसते. तसेच मृत्यूचा गौरव करीत नाही. 'सुटला बिचारा' हे शब्द त्याच बाकांवर बसलेल्या दुसऱ्या कर्जदाराच्या कानी पडत असतात.

विधी कसा असतो

१९६९ च्या अंत्यसंस्कार विधीत तीन टप्पे आहेत : घरी, चर्चमध्ये व कबरीजवळ. चांदूर बाजारसारख्या ठिकाणी अंतरामुळे हे तिन्ही नेहमी साधतातच असे नाही. तेव्हा घरी प्रार्थना व कबरीजवळ समाप्तीचा विधी करून मिस्सा नंतर सोयीच्या दिवशी अर्पण करता येते. धर्मगुरू किंवा डीकन उपलब्ध नसल्यास घरची व कबरीजवळची प्रार्थना धर्मशिक्षकाने किंवा कोणाही जाणत्या प्रापंचिकाने चालवावी. ती कमी प्रतीची ठरत नाही. पवित्र गुरुवारी, उत्थानपूर्व तीन पवित्र दिवसांत, आगमन, प्रायश्चित्त व पुनरुत्थान काळातील रविवारी आणि बंधनकारक सणांच्या दिवशी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. दफनविधी मात्र त्या दिवशीही करता येतो. हे माहीत नसल्याने "फादरांनी मिस्सा नाकारली" असा गैरसमज होतो. कारण निरोपासोबतच समजावून सांगावे.

बाप्तिस्म्याची तयारी करीत असलेली व्यक्ती अंत्यविधीच्या बाबतीत श्रद्धावंतांप्रमाणेच गणली जाते. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या बालकासाठीही, आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा मानस असल्यास, बिशपांच्या अनुमतीने विधी होतो (कलम ११८३). अशा बाळाला रात्रीच्या रात्री गुपचूप पुरण्याची घाई आजही कुठे कुठे होते. त्या आईला निरोपाची संधी मिळाली पाहिजे.

ज्या गावात ख्रिस्ती दफनभूमी नाही तेथे देह दूर नेण्यासाठी कुटुंबाने हजारो रुपयांची गाडी ठरविणे आवश्यक नाही. आशीर्वादित दफनभूमी नसेल तेथे त्या एका कबरीला आशीर्वाद देऊन दफन करावे, अशी तरतूद कलम १२४० मध्येच आहे. (क्रमांक तोच, परंतु हा १९८३ चा कायदा. १९१७ च्या कायद्यात याच क्रमांकाखाली दफन नाकारले जात असे, हा योगायोग आम्हांस नेहमी विचारात पाडतो.) जागेविषयी ग्रामपंचायतीशी आधीच, कुणीही आजारी नसताना, बोलून ठेवावे. मृत्यूच्या दिवशी जागेचा वाद फार कडवट होतो.

दहनाविषयीही विचारणा होते. १९६३ पासून ख्रिस्तसभेने दहनास मनाई केलेली नाही. दफन अधिक पसंत केले जाते, इतकेच. २०१६ च्या सूचनापत्रानुसार रक्षा पवित्र स्थळी, म्हणजे दफनभूमीत किंवा त्यासाठी नेमलेल्या जागी, ठेवावी. ती नदीत सोडू नये, उधळू नये वा घरच्यांत वाटू नये. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने, मृताच्या जीवनात अर्थ असलेल्या एखाद्या ठिकाणी रक्षेचा अल्प अंश ठेवण्याच्या विनंतीचा विचार धर्माधिकाऱ्यांना करता येईल, असे स्पष्ट केले. अन्य धर्मीय भाऊबंद पूर्णेत अस्थी सोडण्याचा आग्रह धरतात तेव्हा कबरीपाशी भांडण न करता आदल्या रात्रीच, घरातील वडीलधाऱ्यांना बाजूला घेऊन, हे सांगावे. त्यांच्यासाठी करण्यासारखे पुष्कळ असते. खांदा द्यावा, फुले वाहावीत, मूठमाती द्यावी. मूठमातीला धर्म विचारला जात नाही, आणि एका गावी सर्वांत आधी मूठ पुढे आली ती मृताच्या मुस्लिम भागीदाराची, हे आम्ही पाहिले आहे.

खर्च

अंत्यविधीच्या दक्षिणेबाबत कलम ११८१ स्पष्ट आहे : व्यक्तीव्यक्तींत भेद होऊ नये आणि गरिबाला योग्य अंत्यविधीस मुकावे लागू नये. पेटी, गाडी, मंडप यांचा खर्च धर्मग्रामाच्या मृत्यू-साहाय्य निधीतून, नसेल तर त्या दिवशीच्या वर्गणीतून करावा व कुटुंबाला आकडा कळू देऊ नये.

खरा बोजा नंतरच्या जेवणावळीचा असतो. तेरवी ख्रिस्ती घरांतून गेली तरी तिच्या जागी महिन्याच्या मिस्सेचे जेवण आले आहे, आणि काही ठिकाणी त्यासाठी सावकाराकडे गेल्याचे आम्हांस ठाऊक आहे. ज्या घरी कर्जापायी माणूस गेला त्या घराने त्याच्या नावे पुन्हा कर्ज काढावे, याहून विपरीत काय असेल? या बाबतीत आमच्या मातीतील दोन थोर पुरुषांकडून ख्रिस्ती समाजानेही शिकण्यासारखे आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले व २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवलेले गाडगेबाबा आयुष्यभर ऋण काढून सण व जेवणावळी करण्याविरुद्ध बोलत राहिले. चांदूर बाजार तालुक्यातील बहिरमच्या यात्रेत त्यांनी पशुहत्येविरुद्ध कीर्तने केली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत तर अंत्यसंस्कारावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. महिन्याच्या मिस्सेनंतर चहा पुरे. धर्मगुरूंनी जेवायला थांबण्याचे नाकारले की बाकीच्यांनाही नाही म्हणणे सोपे जाते.

काय बोलावे, काय बोलू नये

"देवाची इच्छा", "देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात", "आता मुलांकडे पाहा", "रडू नका". ही चारही वाक्ये आम्ही स्वतः तरुणपणी उच्चारली आहेत. सेमिनरीत आम्हांस मृत्यूविषयीचे ईशज्ञान शिकविले गेले. विधवेसमोर गप्प कसे बसावे हे कुणी शिकविले नाही. गाडगेबाबांना कीर्तन चालू असता एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूची वार्ता मिळाली व त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे सांगतात. ते त्यांचे सामर्थ्य. शोकाकुल आईला ही कथा उदाहरणादाखल सांगणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत; त्यांनी ती स्वतःसाठी राखून ठेवावी. बेथानीला लाजरसच्या कबरीपाशी प्रभू स्वतः रडला, आणि तेही थोड्याच वेळात त्याला उठविणार असताना. मार्था त्याला तोंडावर म्हणाली की तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रभूने त्या तक्रारीबद्दल तिला दटाविले नाही. घरची स्त्री देवावर, डॉक्टरांवर, मृतावर वा आपल्यावर रागावली तर तिला बोलू द्यावे.

मृताचे नाव घ्यावे. आठवण सांगावी, ती लहान असली तरी चालेल : कलमे कशी बांधायचा, बैलांना काय नावे ठेवायचा. मुलांना वयानुसार परंतु खरे सांगावे. "बाबा गावाला गेले" असे सांगितलेले मूल फाटकाकडे पाहत बसते, आणि पुढे शाळेतील एखादा सोबती त्याला खरे कारण सांगतो तेव्हा त्याचा घरच्यांवरील विश्वास जातो. आत्महत्येच्या घरी मुलांच्या मनात "मी हट्ट केला म्हणून झाले का?" हा प्रश्न हमखास असतो. त्याने विचारण्याची वाट न पाहता, "तुझ्यामुळे झाले नाही" हे त्याला सांगावे, एकदा सांगून थांबू नये.

महिन्यानंतर

लोक सांत्वनाला येतात ते पहिल्या दहा-पंधरा दिवसांत. खरी निकड त्यानंतर सुरू होते. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबास शासनाची १ लाख रुपयांची मदत २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने ठरली : ३०,००० रुपये रोख व ७०,००० रुपये ठेव स्वरूपात. मात्र जमीन मृताच्या किंवा कुटुंबीयांच्या नावे असणे, बँक, सोसायटी वा परवानाधारक सावकाराचे कर्ज असणे आणि वसुलीचा तगादा असणे या निकषांवर जिल्हा समिती प्रकरण पात्र वा अपात्र ठरविते. मक्त्याने वा बटईने शेती करणारा, किंवा नातेवाइकांकडून उसने घेणारा, यात बसत नाही. 'अपात्र' हा शेरा विधवेच्या हाती येतो तेव्हा तिला तो आपल्या नवऱ्याच्या जगण्यावरचा शेरा वाटतो. तो केवळ निकषांचा आहे हे कुणीतरी तिला समजावून सांगितले पाहिजे, व अन्य योजना दाखविल्या पाहिजेत : दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वयाचा कर्ता गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये, तसेच संजय गांधी निराधार अनुदान योजना. सर्पदंश, वीज, विजेचा धक्का, बुडणे अशा अपघातांत शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख रुपये मिळतात. आत्महत्येस ती लागू नाही.

जमिनीचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील ५०५ महिलांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के महिलांच्या नावे शेती झालेली नव्हती. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ पासूनच्या नावाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तीन महिन्यांच्या आत द्यावा. ख्रिस्ती कुटुंबांना हिंदू वारसा कायदा लागू होत नाही, हे पुष्कळ कार्यालयांतही लक्षात नसते. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्र नसल्यास व मुले असल्यास विधवेला एक तृतीयांश आणि उर्वरित दोन तृतीयांश सर्व मुलामुलींना समान मिळते. दीर तिच्याकडून 'हक्क सोडतो' अशी सही घेऊ पाहतील. शोकाच्या पहिल्या तीन महिन्यांत तिने कोणत्याही कागदावर एकटीने सही करू नये, आणि धर्मग्रामातील एक वडीलधारी स्त्री व कागद जाणणारा एक पुरुष तिच्यासोबत तहसीलला जावा. आमच्या धर्मभगिनी हे काम वर्षानुवर्षे गाजावाजा न करता करीत आल्या आहेत.

शोक आणि आजार यांतील सीमा ओळखता यावी. महिने उलटूनही झोप नाही, अन्न नको, अंघोळ नको, मुलांकडे लक्ष नाही, मरणाची भाषा, असे दिसल्यास प्रार्थनेबरोबर वैद्यकीय मदत घ्यावी. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' प्रकल्पाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांमुळे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही मंडळी मोठे डॉक्टर नव्हती. गावातच राहून घरी जाणारी, ऐकणारी व पुढे पाठविणारी माणसे होती. राज्य शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पात, २०१५ पासून, आशा सेविकांवर हीच जबाबदारी आहे. टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते व तेथे मराठीत बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या व्यक्तीला पोलिसांच्या भीतीने घरीच दडवून ठेवू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने कलम ३०९ ठेवलेले नाही.

धर्मग्राम समितीने एका वहीत प्रत्येक शोकाकुल घराच्या नावापुढे वर्षभराच्या भेटींच्या तारखा आधीच लिहून ठेवाव्यात व प्रत्येक तारखेपुढे जाणाऱ्याचे नाव घालावे. चाळिसावा दिवस, नाताळ, मृताचा वाढदिवस, मुलांच्या शाळेचा पहिला दिवस. २ नोव्हेंबरला, सर्व मृत श्रद्धावंतांच्या स्मृतिदिनी, दूरच्या एकाकी कबरीवरही कुणीतरी जावे. १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीस भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांस त्यांच्याकरिता पूर्ण दंडमोचन मिळविता येते. शेतकऱ्याच्या घरी आणखी एक तारीख वहीत हवी, जी कोणत्याही उपासना-दिनदर्शिकेत नाही : मृगाचा पाऊस पडून पेरणी सुरू होते तो आठवडा. त्या दिवशी बियाण्याची पिशवी कोण फोडणार हा प्रश्न त्या घरात प्रथमच उभा राहतो. आदल्या संध्याकाळी तेथे जाऊन बसावे.